आढावा झाला, आत्मपरीक्षण राहिलं

मार्च सरला की नाशिकच्या अंबड-सातपूरकडचे ओळखीचे उद्योजक सांगतात, "यंदा बसून नीट आत्मपरीक्षण केलं." काय केलंत म्हणून विचारावं, तर विक्री किती झाली, उधारी कुठे अडकली, कोणत्या मशीनवर रिजेक्शन जास्त आलं. हा आढावा झाला. पण त्यालाच आत्मपरीक्षण म्हटलं की खरं काम राहून जातं आणि राहिलंय हे कळतही नाही, याचा मला फार त्रास होतो.

आढाव्याबद्दल लांबण लावत नाही. तो तुम्हाला येतो. ताळेबंद आणि जीएसटीची विवरणपत्रं तो करायलाच लावतात. आढावा चारचौघांत घ्यायचा आणि आत्मपरीक्षण एकट्याने करायचं, हा फरकही वरवरचा. गोदाघाटावर एकटं बसूनसुद्धा माणूस मनात उधारीच मोजू शकतो.

गफलत होते ती इथे. आढावा निकाल बघतो, आत्मपरीक्षण निर्णय बघतं. तोही निर्णयाच्या दिवशी जेवढं ठाऊक होतं तेवढ्यावरच.

कांद्याचं घ्या. केंद्राने ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याची निर्यात बंद केली. समजा, पिंपळगावच्या एका निर्यातदाराने आदल्याच आठवड्यात भरपूर लाल कांदा उचलला होता. हा कांदा उन्हाळ कांद्यासारखा टिकत नाही, त्यामुळे तोटा अटळ. आता तो म्हणेल, "सरकारने मारलं." किंवा रात्र रात्र जागून म्हणेल, "माझीच अक्कल गहाण पडली होती." दुसरं वाक्य ऐकून लोकांना वाटतं, बघा किती प्रामाणिक माणूस. मला ते अजिबात पटत नाही. दोन्ही वाक्यं तोटा बघून सुचलेली आहेत.

त्याने विचारायचं ते असं : त्या आठवड्यात मला काय दिसत होतं? ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लागलं होतं. ऑक्टोबरअखेर टनामागे ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य आलं होतं, म्हणजे त्याखालच्या भावाने माल बाहेर पाठवता येत नव्हता. भाऊ म्हणत होता, निम्मा माल देशातच काढ. मी त्याला का उडवून लावलं? शेजारच्या व्यापाऱ्याने ट्रक भरले आणि मला मागे पडायचं नव्हतं, म्हणून? असं उत्तर मिळालं तर ते कांद्याबद्दलचं नाही, त्याच्याबद्दलचं आहे, आणि पुढे द्राक्षांच्या सौद्यातही तेच आडवं येणार. कधी उत्तर असंही येईल की निर्णय बरोबर होता, तोटा तरीही झाला. तेही मान्य करावं.

नफ्यात हे जास्त अवघड जातं. माझं अंबडला छोटं वर्कशॉप आहे. तीन वर्षं ते जवळजवळ एकाच गिऱ्हाइकावर चाललं. पैसे वेळेवर येत होते, म्हणून मी त्याला शहाणपण समजत होतो. खरं कारण मला उशिरा सापडलं : नव्या दारात जाऊन नकार ऐकायची भीती. ते गिऱ्हाईक आजही टिकून आहे, नफाही झाला. तरी निर्णय भित्राच होता, आणि कोणत्याही आढाव्यात तो मला दिसला नसता.

यात आठवणीवर विसंबू नका. निकाल कळला की "मला आधीच वाटलं होतं" असं माणसाला प्रामाणिकपणे वाटू लागतं. मानसशास्त्रज्ञ बारूख फिशहॉफ यांनी १९७५ साली प्रयोगांतून हे दाखवलं. म्हणून मोठा निर्णय घेतला की त्याच दिवशी वहीत चार ओळी लिहा : काय ठरवलं, का ठरवलं, काय होईल असं वाटतं, आणि विरोधात कोण होतं, काय म्हणून. चौथी ओळ लिहायची टाळाटाळ होते. मी ती सगळ्यात आधी लिहितो.