बोल्टच्या व चिकटवलेल्या धातुजोडांतील थकवा-भेग

एकदाच आलेला भार जोड सहज पेलतो. त्याहून हलका भारही लाखो वेळा चढला-उतरला तर धातूत बारीक भेग पडते आणि दर फेऱ्यागणिक वाढत जाते. तिला थकवा-भेग, कारखान्यात ‘फटिग क्रॅक’ म्हणतात. ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात मिग-21 पासून सुखोई-30 पर्यंतची लढाऊ विमाने बांधली गेली, सातपूर-अंबडला वाहनांचे सुटे भाग बनतात. नाशिककरांना हा विषय पुस्तकी नाही.

भेग बहुधा भोकाच्या काठावर सुरू होते. रुंद पत्र्यातल्या गोल भोकाच्या काठाशी ताण सरासरीच्या सुमारे 3 पट असतो. ड्रिलची बर (भोकाच्या काठाला उरलेली धारदार कड) राहिली तर आणखी. नीट आवळलेला बोल्ट पत्रे एकमेकांवर दाबून धरतो, भार घर्षणातून जातो आणि चढ-उताराचा थोडाच वाटा बोल्टवर येतो. ढिला बोल्ट म्हणूनच आधी तुटतो. ‘जास्त आवळला म्हणून तुटला’ असे सर्रास म्हटले जाते. कारण पुष्कळदा नेमके उलटे असते. टॉर्क रेंचने (पिळाचा जोर म्हणजे टॉर्क मोजून आवळणाऱ्या पान्याने) लावलेल्या जोराचा जेमतेम दहावा हिस्सा बोल्टला ताणतो, बाकीचा आट्यांच्या आणि नटाखालच्या घर्षणात जातो. त्यामुळे तेल लावलेला आणि कोरडा बोल्ट एकाच टॉर्कला सारखे ताणले जात नाहीत.

तुटलेला बोल्ट उजेडात धरून पाहावा. बहुधा तो नटातल्या पहिल्या आट्यापाशी मोडलेला असतो. एका कडेपासून शिंपल्यावर असतात तशा वळ्या पसरलेल्या, तो भाग गुळगुळीत. उरलेला, शेवटी एकदम तुटलेला, खरबरीत. गुळगुळीत भाग मोठा असेल तर तुटताना भार फारसा नव्हता. पोलादी जोडाच्या कडेला तांबूस भुकटी दिसली तर पत्रे एकमेकांवर घासत आहेत.

चिकटवलेल्या जोडाला भोक लागत नाही, भार रुंदीभर पसरतो. तरी टोकांशी तो एकवटतो आणि तिथूनच थर सोलला जाऊ लागतो. खरा धोका पृष्ठभागाच्या तयारीत आहे. ॲल्युमिनियम नीट साफ व ॲनोडाइझ केले (विजेच्या प्रक्रियेने त्यावर ऑक्साइडचा थर चढवला) नसेल, तर जोड पहिल्या चाचणीत पास होतो आणि ओलावा शिरल्यावर काही वर्षांनी सुटतो. 28 एप्रिल 1988 रोजी हवाईत अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग 737 चे छत असेच उडाले: चिकटवलेला जोड सुटला, भार रिव्हेटांवर आला, शेजारशेजारच्या भोकांतल्या भेगा एकमेकींना मिळाल्या. एक हवाई सेविका मृत्युमुखी पडली.

बोल्ट आणि चिकट दोन्ही असलेल्या जोडात ताठर चिकट थरच आधी बहुतेक भार उचलतो. बोल्ट मुख्यतः सोलणे रोखतात आणि थर सुटल्यावर कामाला येतात. तपासणीत रंगद्रव (डाय पेनिट्रंट) पृष्ठभागावर उघडलेली भेगच दाखवतो. रिव्हेटच्या डोक्याखालची भेग शोधायला एडी करंट (धातूत भोवऱ्यासारखा विद्युतप्रवाह निर्माण करून केलेली तपासणी) लागतो.