स्तनाचा प्राथमिक लिम्फोमा

लसीका पेशींपासून (रोगप्रतिकार करणाऱ्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींपासून) उद्भवणारा व प्रथम स्तनातच प्रकट होणारा दुर्मीळ कर्करोग. स्तनाच्या एकूण कर्करोगांत त्याचे प्रमाण साधारणतः ०.५ टक्क्याहून कमी मानले जाते. बहुसंख्य रुग्णांत तो विसरित बृहत् बी-पेशी प्रकारचा (बी-पेशी या लसीका पेशींच्या एका जातीपासून झालेला, मोठ्या पेशींचा) असतो.

‘प्राथमिक’ कशास म्हणावे याविषयी एकमत नाही. वाइझमन व लिआओ यांच्या निकषांनुसार (१९७२) ऊतकाचा नमुना पुरेसा असावा, त्यात स्तनाचे ऊतक व लिम्फोमाच्या पेशी लगत दिसाव्यात आणि पूर्वी किंवा त्या वेळी अन्यत्र लिम्फोमा नसावा. त्याच बाजूच्या काखेतील ग्रंथी एकाच वेळी बाधित असल्यास ते ग्राह्य धरले जाते. स्तनात सुरू होऊन दूरवर पसरलेले रोगी यामुळे वगळले जातात, हा आक्षेप रास्त आहे. तथापि तुलनात्मक अभ्यासासाठी हेच निकष अधिक उपयुक्त ठरले आहेत. रोगाचा उगम स्तनांतर्गत लसीका ग्रंथींत की दुग्धनलिकांभोवतीच्या लसीकाभ (लसीका पेशींनी भरलेल्या) ऊतकात, हेही वादग्रस्त आहे.

गाठ बहुधा न दुखणारी व झपाट्याने वाढणारी असते. मॅमोग्राफीत कॅल्शियमचे कण सहसा दिसत नाहीत. बारीक सुईच्या तपासणीत बऱ्याचदा केवळ संशय येतो. निदानासाठी जाड सुईची बायॉप्सी व प्रतिरक्षा-ऊतकरासायनिक तपासणी (पेशींतील विशिष्ट प्रथिने रंगवून ओळखणे) लागते. बी-पेशी प्रकारात सायटोकेरॅटिन (स्तनाच्या नेहमीच्या कर्करोगात आढळणारे प्रथिन) नकारार्थी, तर सीडी-४५ व सीडी-२० (लसीका पेशींची ओळख पटवणारी प्रथिने) होकारार्थी येतात. बीड, परभणी, हिंगोलीकडील रुग्णांच्या नातेवाइकांना या तपासणीसाठी ऊतकाच्या छेदांच्या काचपट्ट्या व ते ऊतक बसवलेला मेणाचा (पॅराफिनचा) ब्लॉक घेऊन बऱ्याचदा छत्रपती संभाजीनगर किंवा मुंबई गाठावी लागते. नवे छेद ब्लॉकमधूनच काढता येत असल्याने नुसत्या काचपट्ट्या पुरत नाहीत. आणि पॅराफिन सुमारे ५६ ते ६० अंश सेल्सिअसला वितळत असल्यामुळे मे महिन्यात ब्लॉक उन्हात उभ्या गाडीत ठेवणे इष्ट नसते.

स्तन काढून टाकल्याने आयुर्मान वाढत नाही. म्हणून शस्त्रक्रिया निदानापुरतीच असावी, हे मत आता रूढ आहे. बृहत् बी-पेशी प्रकारात रिटुक्सिमॅबसह (बी-पेशींवर मारा करणाऱ्या औषधासह) ‘आर-चॉप’ हा अनेक औषधांचा रसायनोपचार, बहुधा तीन आठवड्यांच्या अंतराने सहा वेळा, व अनेकदा त्यानंतर किरणोपचार देतात. तत्पूर्वी कावीळ-बीची (हिपॅटायटिस-बीची) चाचणी व हृदयाचा इको आवश्यक असतो. मेंदूत रोग उलटण्याचा धोका असतो. त्यावरील प्रतिबंधक उपचारांची उपयुक्तता मात्र निर्विवाद नाही.

मराठवाड्यातील परांडा व भूम तालुके १९८७ पासून बार्शीच्या ग्रामीण कर्करोग नोंदणीत समाविष्ट आहेत. परंतु आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणात स्तनातील लिम्फोमा स्तनाच्या कर्करोगाखाली न गणता लिम्फोमाच्या गटात जातो. त्यामुळे नोंदणीच्या सर्वसाधारण तक्त्यांत तो वेगळा दिसत नाही.