मोलॅसिसची बिस्किटं बिनसाखरेची?

'सुंठ, दालचिनी, लवंग घातलेली मोलॅसिसची बिस्किटं बिनसाखरेची, मधुमेह्यांनाही चालतात' हा निरोप वर्षानुवर्षं फिरतोय. रंग काळपट, चव किंचित कडवट. समज होणं साहजिकच. पण उसाच्या आटवलेल्या रसातून साखरेचे दाणे काढल्यावर उरतं ते मोलॅसिस, आणि दाणे न धरलेली साखर त्यातच राहते: खाण्याच्या मोलॅसिसमध्ये १०० ग्रॅममागे साधारण ७० ग्रॅम. (काकवीतून तर साखर काढलेलीच नसते.) अमेरिकेच्या न्यू इंग्लंडमध्ये ही बिस्किटं रुजली ती पथ्य म्हणून नव्हे. कॅरिबियन बेटांवरून रमसाठी येणारं मोलॅसिस पांढऱ्या साखरेहून स्वस्त पडे. खात्री करायचीय? बाटलीवर 'टोटल शुगर्स'चा आकडा बघा. शिवाय पाककृतीत वेगळी साखर बहुधा लिहिलेली असतेच.