आधी घड्याळ धरणारा, मग धावणारा

"धावायचं नाही, तर पहाटे पाचला उठून जातोस कशाला?" आई दर रविवारी विचारते. पणजीत कांपालच्या झाडांखाली आमचा पंचवीस-तीस जणांचा गट सहाला जमतो आणि पाच किलोमीटर धावतो. त्यातले चार-पाच जण पाळीपाळीने न धावता घड्याळ, वही आणि वळणावरची जागा सांभाळतात. या रविवारी पाळी माझी होती. आईच्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं, तर लंडनपर्यंत जावं लागतं.

२ ऑक्टोबर २००४, शनिवार. लंडनच्या नैऋत्येला बुशी पार्क हे हरणांचं जुनं राजेशाही उद्यान आहे. तिथे १३ जण पाच किलोमीटर धावले. ज्याने त्यांना बोलावलं होतं, तो पॉल सिंटन-ह्यूइट स्वतः मात्र धावला नाही. दुखापतीमुळे त्याचं धावणं बंद पडलं होतं आणि त्याबरोबर धावणाऱ्या मित्रांची संगतही तुटायच्या बेतात होती. तरुणपणी दक्षिण आफ्रिकेत असताना तिथल्या क्लबांत दर आठवड्याला होणारी घड्याळी धाव त्याने पाहिली होती. तेच इथे सुरू करायचं, आपण वेळ नोंदवायची आणि मग सगळ्यांनी मिळून कॉफी प्यायची, एवढाच त्याचा बेत होता. म्हणजे आज जगभर पार्करन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या उपक्रमाचा पहिला माणूस स्वयंसेवक होता. न धावणाऱ्यालाही मैदानात जागा हवी होती, त्यातून हे सगळं उभं राहिलं. धावपटूंच्या सोयीसाठी मागाहून मदतनीस गोळा केले, असं झालेलं नाही.

साधनं अगदी घरगुती होती. हार्डवेअरच्या दुकानातून लोखंडी वॉशर आणून त्यांवर आकडे ठोकलेले. शेवटची रेषा ओलांडली की हातात एक वॉशर यायचा, तोच तुमचा क्रमांक. निकाल कागदावर. पुढे वॉशरच्या जागी टोकन आलं आणि धावणाऱ्याच्या नावाचा बारकोड आला, पण युक्ती बदलली नाही. एकजण प्रत्येक माणूस रेषेवर आला की घड्याळाचं बटण दाबतो, दुसरा क्रमाने टोकन देतो, तिसरा टोकन आणि बारकोड दोन्ही स्कॅन करतो. घड्याळाकडे फक्त वेळा असतात, टोकनाकडे फक्त क्रमांक, बारकोडाकडे फक्त नाव. तिन्ही जुळले की निकाल लागतो. त्यामुळे बटण एकदा जादा दाबलं गेलं, तर मागच्या सगळ्यांच्या वेळा एकेका घराने सरकतात. हे काम दिसतं तेवढं सोपं नाही, हे मी शपथेवर सांगेन.

सुरुवातीची दोन वर्षं हे एकाच बागेत चाललं. जानेवारी २००७ मध्ये विम्बल्डन कॉमनवर दुसरी धाव सुरू झाली. मूळ माणूस हजर नसतानाही आठवड्यामागून आठवडा हे चालेल का, याची खरी परीक्षा तिथे होती. ते चाललं. पार्करन हे नाव २००८ मध्ये आलं. आज वीसहून अधिक देशांत ही धाव होते, आणि भाग घ्यायला कुठेच पैसे पडत नाहीत.

फुकट ठेवण्याचा हट्ट मात्र एकदा महागात पडला. २०१६ मध्ये ब्रिस्टलजवळच्या स्टोक गिफर्ड गावच्या स्थानिक परिषदेने तिथल्या लिटल स्टोक बागेच्या देखभालीसाठी धावेकडून पैसे मागायचं ठरवलं. आयोजकांनी नकार दिला आणि लिटल स्टोकची धाव बंद पडली. परिषदेची बाजूही अगदीच पोकळ नव्हती. शेकडो पाय दर शनिवारी त्याच वाटेवरून गेले की वाट झिजतेच.

स्वयंसेवकाच्या कामांत मला सर्वांत आवडतं ते शेवटच्या चालणाऱ्याचं. हा माणूस मुद्दाम सगळ्यांच्या मागून येतो, म्हणजे सहभागी झालेल्या कुणाचाच नंबर शेवटचा लागत नाही. गुडघेदुखीवालेही मग बिनधास्त येतात.

गोव्यात पाळी लावून काम करणं आपल्याला कुणी शिकवायला नको. वास्कोच्या दामोदर सप्ताहात श्रावणात चोवीस तास भजन अखंड चालतं (नाव सप्ताह, पण चालतो एकच अहोरात्र), आणि एक मेळ उठण्याआधी दुसरा येऊन बसलेला असतो. आमच्या वहीतली पाळ्यांची यादी बघून एक काका म्हणाले, "हें आमच्या भजनासारकेंच रे!" फरक एवढाच की लंडनमध्ये नऊला धाव सुरू होते. इथे नऊपर्यंत ऊन डोक्यावर येतं आणि घामाने वहीची पानं भिजतात, म्हणून आम्ही सहाला सुरू करून साडेसातला पातळ भाजी आणि पावावर येतो.

आमची टोकनं प्लास्टिकची आहेत, घरीच मार्करने आकडे घातलेली. या रविवारी सतरा नंबरचं टोकन कुणाच्या तरी खिशातून घरी गेलं. पुढच्या रविवारपर्यंत सापडलं नाही, तर वॉशर आणायला मी हार्डवेअरवाल्याकडे जाणार आहे.