जमायला नाका नसलेली राइड

ठाण्यातल्या सायकलस्वारांना राइडचे बोलावणे पूर्वी एका ओळीत जात असे: रविवार, पहाटे साडेपाच, तीन हात नाका, येऊर. उशिरा निघालेला उपवनच्या तळ्याशी गाठ घेई आणि वेग कोणाला झेपत नाही, हे पहिल्या चढावरच दिसे. ऑनलाइन राइडची जाहिरात याहून बरीच लांब असते, कारण नाक्यावर आपोआप होणारी कामे तिथे मजकुरालाच करावी लागतात.

घरात स्टँडवर सायकल लावून पडद्यावरचा रस्ता कापण्याची कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेतल्या रेसरमेट कंपनीचा कॉम्प्युट्रेनर १९८० च्या दशकातला. खरा बदल झाला तो २०१२ मध्ये आलेल्या वाहू किकरसारख्या स्मार्ट ट्रेनरमुळे, कारण पडद्यावर चढ आला की पेडल आपोआप जड होऊ लागले. २०१४ मध्ये झ्विफ्ट या ऑनलाइन सायकलिंगच्या अ‍ॅपची चाचणी आवृत्ती आली आणि निरनिराळ्या देशांतले स्वार एकाच आभासी रस्त्यावर दिसू लागले. सुरुवातीच्या काळात स्वार फेसबुकवर वेळ ठरवून एकत्र येत. अ‍ॅपमधले राइडचे वेळापत्रक आणि राइडच्या नेत्याच्या डोक्यावरची पिवळी खूण या सोयी नंतर मिळाल्या. थोडक्यात, आधी जाहिरात आली आणि मग सोय.

या जाहिरातींतला सर्वांत महत्त्वाचा आकडा वेगाचा नसून स्वाराच्या दर किलो वजनामागे पेडलवर किती वॅट ताकद लावायची, याचा असतो. झ्विफ्टवर क्षमतेनुसार पाडलेल्या रूढ गटांत ‘सी’ म्हणजे किलोमागे २.५ ते ३.२ वॅट, याचा अर्थ ७० किलोच्या स्वाराने किमान १७५ वॅट सतत टिकवायचे. ‘सोपी राइड’ एवढेच वाचून मी एकदा सामील झालो आणि दहाव्या मिनिटाला समोरचा घोळका दिसेनासा झाला. पंखा पूर्ण वेगाने फिरत होता, हँडलवरचा टॉवेल ओलाचिंब झाला होता आणि हाक मारावी असे आसपास कोणी नव्हते. तेव्हापासून आकडा न लिहिणाऱ्या आयोजकावर मी विश्वास ठेवत नाही.

दुसरी अडचण घड्याळाची. हिवाळ्यात लंडनच्या वेळेने संध्याकाळी सातला निघणारी राइड ठाण्यात रात्री साडेबाराला सुरू होते, आणि उन्हाळ्यात तिथली घड्याळे तासभर पुढे गेली की साडेअकराला. त्यामुळे इथल्या स्वारांनी भारतीय वेळेच्या राइड स्वतः भरवणे साहजिकच होते.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत पाम बीच रस्ता आणि घोडबंदर दोन्ही बंद झाले, तेव्हा घरातली सायकल ही हौस न राहता एकमेव मार्ग ठरली. त्याच वर्षी ९ डिसेंबरला आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने झ्विफ्टवर पहिली ई-स्पोर्ट्स जागतिक स्पर्धा घेतली आणि तीत जर्मनीचा जेसन ऑस्बोर्न व दक्षिण आफ्रिकेची अ‍ॅशली मूलमन-पासिओ विजेते ठरले. ‘हा काय खेळ आहे?’ म्हणणाऱ्यांना दाखवायला आयोजकांच्या हाती एक उत्तर आले. २०२४ ची स्पर्धा मायवूश या दुसऱ्या अ‍ॅपवर झाली. झ्विफ्टला दरमहा पैसे मोजावे लागतात, मायवूश फुकट आहे. म्हणून राइड कोणत्या अ‍ॅपवर, हेही आता पहिल्याच ओळीत लिहावे लागते.

रस्ते खुले झाल्यावरही हा प्रकार टिकला, त्याचे श्रेय मी पावसाला देतो. जून ते सप्टेंबर येऊरचा चढ निसरडा असतो आणि घोडबंदरचे खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत. त्या दिवसांतल्या शनिवार रात्रीच्या संदेशात अ‍ॅप, भारतीय वेळ, वॅटचा आकडा आणि नेत्याचे नाव इतके सगळे असते, आणि शेवटी हमखास एक ओळ: पाऊस थांबला तर नेहमीप्रमाणे तीन हात नाका.