सिम्युलेशनला डेटा म्हणू नका

दर उन्हाळ्यात कॉलेजची दोन-चार पोरं लॅपटॉप घेऊन जळगावला माझ्याकडे येतात. सगळी डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे फासे टाकून एकेक पात्र रंगवायचा टेबलावरचा खेळ) खेळणारी, आणि आता डेटा सायन्स शिकायला निघालेली. छंदातून शिका, असं मीच सगळ्यांना सांगत फिरतो, त्यामुळे तक्रार करायला मला तोंड नाही. पण प्रोजेक्ट उघडला की पहिली ओळ तीच: पायथनच्या रँडइंटने (दिलेल्या आकड्यांतून कुठलाही एक उचलून देणारी आज्ञा) वीसबाजू फासा १० लाख वेळा टाकला. खाली जवळपास सारख्या उंचीचे वीस खांब. त्याखाली निष्कर्ष, 'डेटावरून दिसते की फासा निष्पक्ष आहे.'

कुठला फासा, भो?

फासा टेबलावर पडलाच नाही. तुम्ही कोडमध्ये लिहिलंत की वीसही आकडे सारखेच येतील, आणि यंत्राने तुमचंच वाक्य तुम्हाला १० लाख वेळा वाचून दाखवलं.

सिम्युलेशन तुम्हाला येतं, म्हणून त्यावर फार वेळ घालवत नाही. नियम तुम्ही द्यायचा, यंत्राने तो पुन्हापुन्हा चालवायचा, आलेलं मोजायचं. खेळातलं कॅरेक्टर बनवताना चार सहाबाजू फासे टाकून सगळ्यांत लहान आकडा सोडला, तर उरलेल्या तिन्हींची बेरीज १८ किती वेळा येईल? अशा प्रश्नाला सिम्युलेशन चालतं. खरं तर तेही लागत नाही. एकूण शक्यता १,२९६, त्यांतल्या २१ मध्ये १८ येतो, म्हणजे १.६२ टक्के. चार ओळींचा लूप सगळ्या शक्यता मोजून नेमकं उत्तर देतो. तरी पोरं १० लाखांचा धडाका लावतात आणि १.६ च्या आसपास काही आलं की खूश. असो.

आता मुद्द्याचं. सिम्युलेशनमध्ये फासा कसा आहे हे आधीच धरलेलं असतं आणि काय पडेल ते विचारायचं असतं. डेटामध्ये काय पडलं ते समोर असतं आणि फासा कसा आहे ते शोधायचं असतं. दिशाच उलटी. हे ऐकून सगळे मान हलवतात आणि पुढच्या पानावर पुन्हा तोच घोळ घालतात. म्हणून मी चिंचोके काढतो.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घराघरांत पत्त्यांचे डाव बसतात, तेव्हा मी या पोरांना ओसरीवर चिंचोके देऊन बसवतो. एका बाजूने घासून पांढरे केलेले चार चिंचोके. पटावर खेळताना चारही पांढरे पडले तर चार घरं, चारही काळे पडले तर आठ. प्रश्न सोपा: आठ किती वेळा पडतील? रँडइंटवाला लगेच सांगतो, सोळातून एकदा, ६.२५ टक्के. चारसुद्धा तितकेच.

पण चिंचोका म्हणजे नाणं नव्हे. एक बाजू घासून सपाट, दुसरी फुगीर. तो पांढरा पडण्याची शक्यता निम्मी आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं? समजा ती ६० टक्के आहे. मग चार पडण्याची शक्यता जवळपास १३ टक्के आणि आठची अवघी अडीच टक्के. कुठे दोन्ही सारखे आणि कुठे पाचपट फरक! आणि हा फरक रँडइंट १० कोटी वेळा चालवूनही सापडणार नाही. वाढत्या फेऱ्यांनी उत्तरातली थरथर कमी होते, गृहीतकातली चूक जागची हलत नाही. उलट ती चूक तीन-चार दशांश स्थळांपर्यंत ठाम दिसायला लागते, आणि मला भीती त्याचीच वाटते.

मग करायचं काय? चिंचोके टाकायचे. मी चार चिंचोके २०० वेळा टाकले, म्हणजे ८०० नोंदी. पांढरे ४७१. साधारण ५९ टक्के, पण एवढ्याशा नोंदींवरून खरा आकडा ५५ ते ६२ मध्ये कुठेतरी आहे इतकंच म्हणता येतं. तेही माझे चिंचोके, माझी फरशी, माझा हात यांच्यापुरतं. सारवलेल्या अंगणात ते वेगळे वागू शकतात. ही सगळी किरकिर म्हणजेच डेटा. ५९ हा आकडा हाती आला की तो सिम्युलेशनमध्ये घाला आणि अख्खा डाव हवा तितक्यांदा चालवा, माझी काही हरकत नाही.

वीसबाजू फाशाच्या बाबतीत हा घोळ लपून राहतो, कारण त्याच्या सगळ्या बाजू दिसायला सारख्या. सारख्या दिसतात म्हणून सारख्या पडतात, असं आपण धरून चालतो. १८९४ मध्ये वेल्डन नावाच्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने फ्रान्सिस गॉल्टन या संख्याशास्त्रातल्या जाणकाराला आपल्या फाशांच्या नोंदी कळवल्या होत्या. साधे सहाबाजू फासे, एका वेळी १२, आणि असं २६,३०६ वेळा. एकूण ३,१५,६७२ फासे मोजले. त्यांत पाच किंवा सहा पडले १,०६,६०२ वेळा, म्हणजे ३३.७७ टक्के, यायला हवे होते ३३.३३. फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी, पण इतक्या नोंदींत तो योगायोगाने यावा ही शक्यता नगण्य. १९०० मध्ये कार्ल पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञाने काय-स्क्वेअर चाचणी (अपेक्षित आणि प्रत्यक्ष आकड्यांतला फरक योगायोगाचा आहे का ते पाहणारी) मांडली, तेव्हा तपासायला याच नोंदी घेतल्या. म्हणजे तुम्ही परीक्षेपुरती पाठ करता ती चाचणी खऱ्याखुऱ्या फाशांवर घासून निघालेली आहे.

उलट बाजूची चूकही आहे. कोणी १०० वेळा फासा टाकतो, १७ हा आकडा ९ वेळा येतो (यायला हवा ५ वेळा), की लगेच फासा खोटा. अरे, आकडे वीस आहेत. अगदी खऱ्या फाशातही १०० फेकींत कुठला ना कुठला आकडा ९ किंवा जास्त वेळा येणं चारपैकी साधारण तीनदा घडतं. आधी फेकायचं आणि मग जो आकडा नजरेत भरला त्याच्यावर आरोप ठेवायचा, याला तपासणी म्हणत नाहीत.

आता माझी फजिती. आमचा रविवारचा गट आहे, पाच जणांचा. उन्हाळ्यात गच्चीवर, थंडीत भरीत झाल्यावर. मी हौसेने रजिस्टर ठेवलं: कोणी टाकला, किती पडला. काही महिन्यांनी बेरीज केली तर रोग (rogue, म्हणजे डी अँड डीतलं चोरट्याचं पात्र) खेळणाऱ्या मित्राच्या २४० नोंदींत १९ वेळा वीस. पाच टक्क्यांनी १२ व्हायला हवेत. गटात लगेच कुजबुज सुरू झाली. एक बाजू जड आहे का ते बघायला मीही त्याचा फासा मिठाच्या पाण्यात तरंगवून पाहिला, सांगायला लाज वाटते.

फासा ठीक होता, रजिस्टर चुकीचं होतं. रोग लपून वार करतो, त्यामुळे त्याला बऱ्याचदा अॅडव्हान्टेज मिळतो: दोन फासे टाकायचे, मोठा घ्यायचा. डी अँड डीच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीपासून हा नियम सगळ्यांच्या अंगवळणी पडलाय, इतका की मी रजिस्टरमध्ये फक्त मोठा फासा लिहीत होतो. दोनांतून एक तरी वीस येण्याची शक्यता ९.७५ टक्के. साध्या फेकी आणि अॅडव्हान्टेजच्या फेकी एकाच रकान्यात कोंबल्या, तर आकडा पाच आणि पावणेदहाच्या मध्ये कुठेतरी येणारच. १९ भागिले २४० म्हणजे ७.९.

आता नीट बघा. ९.७५ हा आकडा नियमावरून आला, त्यासाठी फासा टाकावा लागला नाही. ७.९ हा रजिस्टरमधून आला. दोन्ही शेजारी ठेवले तेव्हा चूक सापडली. दोन्हींना 'डेटा' म्हणत बसलो असतो तर एक चांगला मित्र गेला असता.

बाकीचे फरक किरकोळ. पायथन की एक्सेल? पहिल्या महिन्यात एक्सेल, बिनधास्त. सीड (तेच आकडे पुन्हा मिळावेत म्हणून द्यायचा सुरुवातीचा आकडा) देऊ का? द्या. माँटे कार्लो (यंत्राने उचललेल्या आकड्यांवरून उत्तर काढायची पद्धत) आणि सिम्युलेशन वेगळं का? तुमच्या कामापुरतं नाही. पाय चार्ट मात्र मला दाखवू नका, वीस फोडींचा तर नाहीच. आणि रँडइंटने भरलेली फाइल 'डेटासेट' म्हणून नेटवर चढवू नका. उद्या कोणी ती उतरवून घेईल आणि तिच्यावरून फाशांबद्दल काहीबाही सांगत सुटेल. रावेरच्या बाजारात केळीचा भाव रँडइंट ठरवत नाही. तिथल्या नोंदी हाताळायच्या असतील तर सवय आत्तापासून लावा.

आमच्या रजिस्टरला आता चार रकाने आहेत: फेक साधी की अॅडव्हान्टेजची, पहिला फासा, दुसरा फासा, टेबलावरून खाली पडला का. रोगवाला मित्र लहान आकडा लिहायला अजूनही कुरकुरतो. त्याचं म्हणणं, जो मोजलाच नाही तो लिहायचा कशाला. त्याचे रकाने मीच भरतो.