डब संगीत

डब हा जमैकातील रेगे संगीतातून १९७० च्या दशकाच्या आरंभी आकाराला आलेला प्रकार आहे. ध्वनिमुद्रित झालेल्या गाण्यातून गायकाचा आवाज जवळजवळ काढून टाकायचा, ड्रम आणि बेस गिटार पुढे आणायचे, बाकीची वाद्ये मध्येच क्षणभर ऐकू येऊ द्यायची आणि त्यांचे तुकडे प्रतिध्वनीत विरू द्यायचे, ही त्याची मूळ रीत. नवे असे फारसे काही वाजवले जात नाही, तरी हाती येते ती स्वतंत्र रचना असते आणि तिचा कर्ता मिक्सरसमोर बसलेला ध्वनितंत्रज्ञ असतो. बॉब मार्लेच्या गाण्यांनी रेगेला जगभर श्रोते मिळवून दिले. पुढच्या पिढ्यांनी संगीत कसे घडवावे, यावर मात्र डबच्या तंत्रज्ञांचा प्रभाव जास्त खोल आहे.

डबची मुळे किंग्स्टन शहरातल्या साउंड सिस्टिममध्ये, म्हणजे मोठ्या स्पीकरांवर तबकड्या वाजवणाऱ्या ध्वनिसंचांमध्ये, आहेत. १९५० च्या दशकात वाद्यवृंद बोलावणे ज्यांना परवडत नव्हते, असे लोक मोकळ्या अंगणात मोठमोठे स्पीकर लावून तबकड्यांवर नाचत. ड्यूक रीड आणि कॉक्सन डॉड यांच्यासारखे साउंड सिस्टिमचे मालक पुढे स्वतःच निर्माते झाले. ६ ऑगस्ट १९६२ रोजी जमैका स्वतंत्र झाला तेव्हा तिथे स्का हे जलद लयीचे नाचाचे संगीत ऐन भरात होते. त्यातून रॉकस्टेडी आणि १९६८ च्या सुमारास रेगे निघाले. लय संथ होत गेली तसे बेस गिटारचे महत्त्व वाढले. आपल्याकडे असलेली तबकडी शेजारच्या सिस्टिमकडे असू नये, ही चुरस मोठी होती. त्यासाठी मालक खास एकेक प्रत कोरून घेत. मऊ लेपाच्या या तबकड्यांना डबप्लेट म्हणत. थोड्या वापरानंतर त्या झिजत, पण तेवढ्यात सिस्टिमचे नाव गाजलेले असे.

१९६७-६८ च्या सुमारास रूडी रेडवूड या साउंड सिस्टिम मालकाने ड्यूक रीडच्या ट्रेझर आइल स्टुडिओत पॅरागन्स गटाच्या ‘ऑन द बीच’ची डबप्लेट करून घेतली. कोरताना तंत्रज्ञाकडून गायनाचा भाग घालायचा राहिला. रेडवूडने ती तशीच वाजवली, तर जमलेले लोक स्वतःच गाणे म्हणू लागले. लवकरच तबकडीच्या मागच्या बाजूला त्याच गाण्याचे बिनगायनाचे रूप छापायची पद्धत रूढ झाली. त्याला ‘व्हर्जन’ म्हणत. यात निर्मात्यांचा उघड फायदा होता, कारण मागच्या बाजूसाठी वेगळे गाणे बसवण्याचा खर्च वाचत होता. मोकळ्या झालेल्या त्या ठेक्यावर माइक घेऊन बोलणारे डीजे उभे राहिले. १९७० मध्ये यू-रॉयने ट्रेझर आइलच्या जुन्या ठेक्यांवर केलेल्या तबकड्या जमैकात प्रचंड गाजल्या.

व्हर्जनपासून डबपर्यंतची वाट मुख्यतः एका माणसाने काढली. ऑस्बर्न रडॉक ऊर्फ किंग टबी (१९४१–१९८९) हा विद्युत उपकरणे दुरुस्त करणारा कारागीर होता. त्याची स्वतःची साउंड सिस्टिम होती आणि ड्यूक रीडकडे तो तबकड्या कोरण्याचे काम करत असे. वॉटरहाउस या गरीब वस्तीतल्या ड्रोमिली अॅव्हेन्यूवरच्या घरात त्याने छोटा स्टुडिओ थाटला आणि डायनॅमिक साउंड्स या मोठ्या स्टुडिओने काढून टाकलेला चार ट्रॅकचा, म्हणजे टेपवरचे चार वेगवेगळे आवाज हाताळणारा, मिक्सर तिथे बसवला. पूर्ण वाद्यवृंद मावेल एवढी जागा घरात नव्हती. न्हाणीघरच गायकाची खोली झाले. वाद्यवृंदाचे मुद्रण दुसरीकडे व्हायचे आणि निर्माते टेप घेऊन टबीकडे यायचे. म्हणजे त्याच्या हाती यायचे ते आधीच वाजून झालेले संगीत. त्याला करता येण्याजोगे काम एकच होते, काय ठेवायचे आणि काय झाकायचे ते ठरवणे. या मर्यादेतून एक कला उभी राहिली.

चार ट्रॅकमध्ये साधारणपणे एकावर ड्रम, एकावर बेस, एकावर गिटार आणि की-बोर्ड, एकावर गायन असे. टबी टेप चालू करून हे चार ट्रॅक हाताने वर-खाली करी. त्याच्या मिक्सरवर ध्वनीतला खालचा भाग टप्प्याटप्प्याने कापणारा मोठा नॉब होता. तो फिरवताच भरदार ठेका बारीक, किनऱ्या आवाजात आकसत जाई आणि सोडताच बेस पुन्हा कोसळे. टेपच्या फेऱ्यातून प्रतिध्वनी निघे. स्प्रिंगच्या रिव्हर्बला, म्हणजे आवाजाला घुमारा देणाऱ्या उपकरणाला, धक्का दिला की मेघगर्जनेसारखा कडकडाट होई. हे सगळे टेप चालू असतानाच करायचे असल्याने प्रत्येक मिक्स एक सादरीकरण असे. तीच टेप दुसऱ्यांदा लावली की वेगळा डब तयार होई.

तबल्यावर वाढलेल्या कानाला डबमधली एक गोष्ट चटकन उमगेल. ठेक्यात खाली आली की बायाँची घुमक थांबते आणि तिच्या नसण्यातूनच आपल्याला आवर्तनातली जागा कळते. रेगेच्या ‘वन ड्रॉप’ ठेक्यातही पहिली मात्रा मोकळी असते आणि ड्रमचा भार तिसरीवर पडतो. डब ही मोकळीक कितीतरी पुढे नेतो. चार-चार, आठ-आठ आवर्तने बेस गायब राहतो. श्रोता तो मनातल्या मनात धरून ठेवतो आणि तो परतला की अंग आपोआप हलते. मोठ्या स्पीकरसमोर हा परतावा छातीत जाणवतो. डब छोट्या स्पीकरवर ऐकून तो रटाळ वाटला, तर दोष बहुधा स्पीकरचा असतो.

पूर्ण लांबीचे डब अल्बम १९७३ च्या सुमारास आले. पहिला कोणता, यावर जाणकारांत वाद आहे. हर्मन चिन लॉयचा ‘अॅक्वेरियस डब’ आणि ली पेरीचा ‘ब्लॅकबोर्ड जंगल डब’ ही दोन नावे त्यात हमखास येतात. १९७४ मधला कीथ हडसनचा ‘पिक अ डब’ कोरडा, सडसडीत आणि आजही ताजा वाटणारा आहे. रेगे गायक बर्निंग स्पिअरच्या ‘मार्कस गार्वी’ या अल्बमला १९७६ मध्ये ‘गार्वीज घोस्ट’ ही डब जोड मिळाली.

या परंपरेचा कळस म्हणून ‘किंग टबीज मीट्स रॉकर्स अपटाउन’ (१९७६) या अल्बमचे नाव घ्यावे लागते. ऑगस्टस पाब्लोने त्याची निर्मिती केली. मेलोडिका हे शाळकरी मुलांचे समजले जाणारे, फुंकून वाजवायचे छोटे वाद्य तो उदास, अल्पाक्षरी ढंगाने वाजवत असे. शीर्षकरचना रेगे गायक जेकब मिलरच्या एका प्रेमगीताचा डब आहे. मिलरचा आवाज तोंडातून निघतो न निघतो तोच तुटतो आणि शब्दाचा उरलेला भाग प्रतिध्वनीत भटकत राहतो. खाली कार्लटन बॅरेटचे ड्रम मात्र ठाम असतात. मूळ गाण्यातली आर्जवे डबमध्ये विरहासारखी भासतात. नुसते वजा करून भाव एवढा पालटता येतो, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे अवघड आहे.

ली ‘स्क्रॅच’ पेरी (१९३६–२०२१) याची वृत्ती उलट होती. १९७३ मध्ये उभारलेल्या ब्लॅक आर्क स्टुडिओत त्याच्याकडेही चारच ट्रॅक होते, पण तो कमी करण्याऐवजी थरावर थर चढवत असे. एका टेपवरचे दुसऱ्या टेपवर उतरवताना येणारी खरखर त्याने संगीताचाच भाग केली. १९७६ चा ‘सुपर एप’ ऐकताना वाद्ये पाण्याखालून येत असल्यासारखी वाटतात. पुढच्याच वर्षी त्याने कोंगोज गटासाठी घडवलेल्या ‘हार्ट ऑफ द कोंगोज’मध्ये गाईच्या हंबरण्यासारखा आवाज येतो. तो गमतीचा न वाटता गाण्याच्या भक्तिभावात मिसळून जातो.

टबीच्या हाताखाली प्रिन्स जॅमी आणि सायंटिस्ट हे तंत्रज्ञ तयार झाले. १९८५ मध्ये वेन स्मिथ या गायकाने आणि जॅमीने कॅसिओच्या एका छोट्या की-बोर्डमधल्या तयार ठेक्यावर ‘अंडर मी स्लेंग टेंग’ केले, आणि जमैकाचे संगीत झपाट्याने संगणकीय झाले. ६ फेब्रुवारी १९८९ रोजी टबीची त्याच्या घराबाहेर गोळ्या घालून हत्या झाली.

या इतिहासात एक अन्याय आहे. एकाच ठेक्यावरून निर्मात्यांनी वर्षानुवर्षे डझनांनी तबकड्या काढल्या, पण तो ठेका वाजवणाऱ्या वादकांच्या पदरात बहुधा त्या दिवसाच्या मजुरीपलीकडे काही पडले नाही. जमैकात स्वतःचा आधुनिक कॉपीराइट कायदा यायला १९९३ साल उजाडले. डबचे श्रेय मिक्सरवरच्या माणसाला देताना बॅरेट बंधू, रॉबी शेक्सपिअर, स्लाय डनबार, अर्ल ‘चिना’ स्मिथ या वादकांची नावे घेतलीच पाहिजेत. त्यांच्या वादनात एवढा ऐवज नसता, तर काढून टाकल्यावर काही उरलेच नसते.

बाहेरच्या जगात डबचा प्रवास स्थलांतरितांबरोबर झाला. किंग्स्टनमध्ये जन्मलेल्या क्लाइव्ह कॅम्पबेल ऊर्फ कूल हर्कने १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात जे नाचाचे जलसे सुरू केले, त्यांतून हिपहॉप उभे राहिले. न्यूयॉर्कच्या श्रोत्यांना रेगे रुचला नाही, म्हणून तबकड्या त्याने फंकच्या लावल्या. प्रचंड स्पीकर आणि ठेक्यावर बोलण्याची रीत मात्र जमैकाच्या साउंड सिस्टिमशी नाते सांगणारी होती.

ब्रिटनमध्ये नाते अधिक थेट होते. १९७७ मध्ये लंडनच्या रॉक्सी क्लबात डीजे डॉन लेट्स पंक या बंडखोर रॉक संगीताच्या गटांच्या अधेमधे रेगे आणि डब वाजवत असे, कारण पंकच्या तबकड्या तेव्हा जवळपास नव्हत्याच. क्लॅश गटाने त्याच वर्षी जमैकाच्या ज्युनियर मर्विनचे ‘पोलीस अँड थीव्ह्ज’ गायले. १९७९ मध्ये डेनिस बोव्हेलने स्लिट्स गटाचा ‘कट’ घडवला आणि पब्लिक इमेज लिमिटेडचा ‘मेटल बॉक्स’ आला. त्यात जा वॉबलचा बेस गाण्यांचा कणा आहे. ब्रिस्टलच्या मॅसिव्ह अटॅकने ‘ब्लू लाइन्स’मध्ये (१९९१) जमैकाच्या होरेस अँडीला गायला बोलावले. त्यांचा ‘प्रोटेक्शन’ अल्बम मॅड प्रोफेसर या डब निर्मात्याने १९९५ मध्ये ‘नो प्रोटेक्शन’ म्हणून संपूर्ण डब करून दिला. अनेक श्रोते मूळ अल्बमपेक्षा हाच वरचा मानतात, आणि ते पटण्यासारखे आहे. पुढे जंगल हे वेगवान इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत आणि दक्षिण लंडनच्या क्रॉयडन भागातले डबस्टेप यांनी बेसचे हे राज्य चालू ठेवले. बर्लिनमध्ये बेसिक चॅनल या जोडीने १९९३ पासून टेक्नोमध्ये डबचे प्रतिध्वनी मुरवले. तिथे गाणेच उरले नाही, फक्त अवकाश उरला.

भारतीयांचा या परंपरेशी खरा संबंध लंडनमधून जुळला. १९९३ मध्ये तिथे स्थापन झालेल्या एशियन डब फाउंडेशनने डबचा बेस, जंगलचा वेग आणि दक्षिण आशियाई सूर एकत्र आणून वंशभेदाविरुद्ध गाणी केली. ‘रफीज रिव्हेंज’ (१९९८) हा त्यांचा गाजलेला अल्बम. दिल्लीच्या रेगे राजाज या साउंड सिस्टिम गटाने रेगेचे कार्यक्रम देशभर नेले आणि २०१६ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने गोव्यात ‘गोवा सनस्प्लॅश’ हा रेगे महोत्सव सुरू झाला.